ट्रान्सफरपासून मोजायचं की पाळीपासून? तीन तारखांचा घोळ

चाफेकळी | २९ जुलै २०२४, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. सांभाळून घ्या.

आमचं आयव्हीएफचं फ्रोझन ट्रान्सफर (गोठवलेला गर्भ गर्भाशयात ठेवणं) जूनमध्ये झालं. गर्भ गेल्या नोव्हेंबरात तयार झालेले, पाच दिवसांचे, तेव्हापासून गोठवून ठेवलेले. पाळी आली १ जूनला. गोळ्या सुरू केल्या, पण गर्भाशयाचं अस्तर काही वाढेना. म्हणून ट्रान्सफर पुढे ढकलत ढकलत २६ जूनला झालं. दोन आठवड्यांनी बीटा (गरोदरपणाची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आली आणि परवा, २७ तारखेला, ठोकेही ऐकले. आता अडचण ऐका.

मोबाइलमधल्या ॲपात १ जून टाकली तर ते म्हणतं ८ आठवडे पूर्ण, बाळंतपणाची तारीख ८ मार्च. आयव्हीएफ सेंटरने कागदावर लिहून दिलंय १४ मार्च. आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ६ आठवडे ५ दिवस, म्हणजे १७ मार्च. ॲप आणि रिपोर्टमध्ये नऊ दिवसांची तफावत! बाळाची वाढ मागे पडलीय का, या विचाराने दोन रात्री झोप नाही. ज्यांना गर्भ कोणत्या दिवशी पोटात ठेवला हे तासामिनिटासह ठाऊक आहे, त्यांनाच तीन तीन तारखा मिळाव्यात?

सेंटरमध्ये विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, आमचीच धरा." का धरायची ते कुणी सांगेल का?

---

तिखटमीठ | ३० जुलै, सकाळी ७:०५

अभिनंदन! १४ मार्चला धुळवड आहे. बाळ रंगूनच येणार बघ.

---

गोदाकाठ | ३० जुलै, सकाळी ८:२०

अभिनंदन आणि काळजी घे. पहिल्यांदा ते ॲप काढून टाक. माझ्या वेळी त्याने मला "तुमचं बाळ आता लिंबाएवढं" असं सांगितलं होतं, त्याच दिवशी दुसऱ्या ॲपने मोसंबं सांगितलं. मी बसले रडत.

---

पेट्रीडिश | ३० जुलै, सकाळी ९:१५

मी भ्रूणशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे हा प्रश्न आमच्या दारावर रोज येतो.

ज्या दिवशी स्त्रीबीजं बाहेर काढून शुक्राणूंशी मेळ घालतात तो आमचा शून्य दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली दोन केंद्रकं दिसली की फलन झालं असं धरतो. तिसऱ्या दिवशी साधारण आठ पेशी, पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट, म्हणजे रुजायला तयार गर्भ. मग चाफेकळीसारखा फ्रोझनचा बेत असेल तर द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसला. तिथे गर्भाचं घड्याळ थांबतं. सात महिने राहिला काय आणि सात वर्षं राहिला काय, बाहेर काढला की तो पाच दिवसांचाच. म्हणून नोव्हेंबर विसरा.

आता गंमत अशी की जगभर गर्भाचं वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायची प्रथा आहे. म्हणजे फलन झालं त्या दिवशीच बाळ "दोन आठवड्यांचं" असतं, जे प्रत्यक्षात तेव्हा अस्तित्वातही नसतं. ही प्रथा आपल्यालाही पाळावी लागते, नाहीतर पुढचे सगळे तक्ते चुकतात. मग पाच दिवसांचा गर्भ ठेवला त्या दिवशी वय किती? १४ अधिक ५, म्हणजे १९ दिवस. पूर्ण मुदत २८० धरली तर उरले २६१.

२६ जूनमध्ये २६१ मिळवा: १४ मार्च. किंवा २६ जूनमधून १९ वजा करा, ७ जून येते. ही तुमची "कागदोपत्री पाळी". ती कुठल्याही ॲपात टाका, १४ मार्चच मिळेल. तीन दिवसांचा गर्भ असेल तर २६३, सहाव्या दिवशीचा असेल तर २६०.

---

तिखटमीठ | ३० जुलै, सकाळी ९:३१

दहावीनंतर गणित सोडलं ते याच भीतीने. +१ तरीही.

---

चाफेकळी | ३० जुलै, सकाळी १०:०२

@पेट्रीडिश, खूप धन्यवाद! पहिल्यांदाच कुणीतरी आकडे मांडून सांगितलं. पण मग १ जूनची खरी पाळी ही खोटी कशी? ती मला आली होती हो!

---

सुईणबाई | ३० जुलै, दुपारी ३:१०

ओपीडी संपवून लिहितेय. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, पण तुझी डॉक्टर नाही. तुझी फाइल माझ्यासमोर नाही हे ध्यानात ठेवून वाच.

पाळी खरीच होती. पण पाळीवरून तारीख काढताना आपण गृहीत धरतो की चौदाव्या दिवसाच्या आसपास बीज सुटलं. तुझ्या चक्रात बीज सुटलंच नाही, आधीच तयार असलेला गर्भ आत ठेवला, तोही सव्विसाव्या दिवशी. अस्तर लवकर जमलं असतं तर हाच गर्भ कदाचित विसाव्या दिवशी गेला असता. म्हणून गोळ्यांवरच्या चक्रात पाळीच्या तारखेला काही अर्थ उरत नाही. ८ मार्च खोडून टाक.

१७ मार्चचं असं. सातव्या आठवड्यात डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजतात, ते सीआरएल. तुझ्या रिपोर्टवर ८ मिमीच्या आसपास असणार. ७ आठवडे १ दिवसाला १० मिमीच्या आसपास अपेक्षित. म्हणजे तू दोन रात्री जागलीस ती दोन मिलिमीटरपायी. कर्सर कुठे ठेवला, गर्भ वळलेला होता का, एवढ्यावर इतका फरक पडतो. ठोके छान आहेत, तेव्हा पुढच्या सोनोग्राफीत वाढीचा वेग बघायचा.

नियम सांगते. नैसर्गिक गर्भधारणेत पाळी आणि सोनोग्राफीत मोठी तफावत असेल तर आम्ही तारीख बदलतो. नऊ आठवडे पूर्ण होण्याआधी पाच दिवसांपेक्षा जास्त, त्यानंतर चौदा पूर्ण होईपर्यंत सात दिवसांपेक्षा जास्त, असा अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा निकष आहे आणि इकडेही बरेच जण तोच वापरतात. पण आयव्हीएफमध्ये ट्रान्सफरची तारीख आणि गर्भाचं वय यांवरून काढलेली तारीख सोनोग्राफीने बदलायची नाही. पुढे बाळ लहान दिसलं तर "तारीख चुकली असेल" म्हणून सोडून द्यायचं नाही, बाळ लहान का याचा शोध घ्यायचा. तारीख पक्की असण्याचा खरा उपयोग तो.

तुझ्या सिस्टर बरोबर होत्या. फक्त कारण सांगायला त्यांना वेळ नसतो.

---

अण्णा_सांगलीकर | ३० जुलै, रात्री ९:४५

सुईणबाईंचा प्रतिसाद वाचनखुणेत साठवला. नातवंडांच्या वयाला कामी येईल.

जरा अवांतर. पाळीच्या तारखेत सात दिवस मिळवून तीन महिने मागे जायचं, हा हिशेब नेगेले नावाच्या जर्मन वैद्याच्या नावावर चालतो. हायडेलबर्गचे प्राध्यापक, जन्म १७७८, मृत्यू १८५१. म्हणजे नऊ महिने सात दिवस. आमची आजी कुठल्या हायडेलबर्गला गेली नव्हती, तरी ती "नऊ महिने नऊ दिवस" म्हणायची. दोन दिवसांचाच फरक!

दुसरं, वय झालेल्यांना आठवत असेल. ६ ऑगस्ट १९८६ला परळच्या केईएममध्ये टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, डॉ. इंदिरा हिंदुजांचं नाव घराघरांत झालं. आमच्या वाड्यात तेव्हा बायका "नळीतलं बाळ" बघायला पेपर उघडून बसल्या आणि फोटोत साधंच गोंडस बाळ बघून त्यांची निराशा झाली.

---

पेट्रीडिश | ३० जुलै, रात्री १०:३०

अण्णा, त्याच्याही आधी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून ३ ऑक्टोबर १९७८ला मुलगी जन्मली होती. इंग्लंडच्या लुईस ब्राऊनची तारीख २५ जुलै १९७८, म्हणजे अडीच महिन्यांचंही अंतर नाही. आणि मुखोपाध्यायांनी तेव्हा गर्भ गोठवून वापरला होता. त्यांच्या हयातीत सरकारी समितीने विश्वास ठेवला नाही. आज आम्ही रोज जे करतो ते त्या माणसाने घरगुती फ्रिजच्या जमान्यात केलं.

---

हळदपिवळी | ३१ जुलै, सकाळी ११:००

आमचं आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं) होतं, त्यामुळे गणित जरा वेगळं. मला पीसीओडी, पाळी पंचेचाळीस पंचेचाळीस दिवसांनी. त्या वेळी गोळ्या आणि इंजेक्शनं घेऊन फॉलिकल (बीजाची पिशवी) तयार झालं ते चोविसाव्या दिवशी. आययूआयच्या तारखेत २६६ मिळवायचे असं आमच्या बाईंनी सांगितलं होतं.

बाळंतपणाला माहेरी गेले. तिथल्या हॉस्पिटलने (नाव घेत नाही) फाइलवर आपली पाळीची तारीख लिहून घेतली आणि शेवटी "एक्केचाळीस आठवडे झाले, आज कळा आणायचं इंजेक्शन लावू" म्हणून मोकळे. प्रत्यक्षात ३९ आठवडे ४ दिवस झाले होते! आईने घाबरून बॅगसुद्धा आणली. मी पर्समधून आययूआयचा कागद काढून पुढे केला, तेव्हा कुठे "अच्छा, असं आहे होय" झालं. पाच दिवसांनी आपोआप कळा आल्या.

चाफे, तो ट्रान्सफरचा कागद लॅमिनेट करून घे. गंमत नाही करत.

---

लेस्टरची_लेक | ३१ जुलै, दुपारी ४:५०

हळदपिवळीला अनुमोदन. इथे इंग्लंडात बाराव्या आठवड्याच्या स्कॅनला सगळ्यांची तारीख नव्याने ठरवतात, आयव्हीएफवाल्यांची मात्र तीच ठेवतात. तरी दर वेळी नवी मिडवाइफ शेवटची पाळी विचारायचीच. मी शेवटी खरी पाळी सांगणंच बंद केलं, एकोणीस दिवस वजा करून आलेली तारीख ठोकून द्यायचे. नवरा म्हणाला, खोटं बोलतेस. म्हटलं, खरं बोलले तर चुकीचं उत्तर येतं त्याला मी काय करू?

---

चाफेकळी | ३१ जुलै, रात्री ११:५५

तुम्ही सगळे इतकं मनापासून लिहिताय, तर जे आधी लिहिलं नाही ते सांगते.

आयव्हीएफचं घरी माहीत नाही. फक्त आम्हा दोघांना. सोनोग्राफीला सासूबाई सोबत होत्या. काउंटरवरच्या मुलीने भर गर्दीत मोठ्याने विचारलं, "शेवटची पाळी कधी?" आणि मी १ जून सांगून टाकली. सोनोग्राफीआधी भरायच्या एफ फॉर्मवर तीच गेली. आत सोनोलॉजिस्टही म्हणाले, "आठ आठवड्यांच्या मानाने लहान वाटतंय." सासूबाईंचा चेहरा उतरला. मी खरं सांगू शकले असते तर तिथेच प्रश्न मिटला असता. कागद पर्समध्ये होता. लॅमिनेट केला नाही, चार घड्या घातलेला.

आता त्या बोटांवर मोजून १० मार्च म्हणताहेत. १ जूनमध्ये नऊ महिने नऊ दिवस. अण्णांच्या आजीचा हिशेब.

---

गोदाकाठ | १ ऑगस्ट, सकाळी ७:३०

अगं बाई. जवळ असतीस तर मिठी मारली असती.

---

घासाघीस | १ ऑगस्ट, सकाळी ९:१०

लपवायचं कशाला पण? २०२४ साल आहे. यात लाजण्यासारखं काय?

---

मधलीसून | १ ऑगस्ट, सकाळी ९:४०

@घासाघीस, लाजेचा प्रश्न नसतो हो. आम्ही सांगितलं होतं. मग ट्रान्सफरच्या दिवसापासून रोज सकाळी फोन, "काही कळलं का?" बीटा निगेटिव्ह आली तेव्हा माझ्याआधी सगळ्या गावाने सुतक पाळलं. दुसऱ्या खेपेला आम्हीही गप्प बसलो. ज्याचं जळतं त्याला कळतं.

सासूबाईंचा किस्सा मात्र सांगते, दिवे घ्या. धाकट्याच्या वेळी फ्रोझनच होतं, थोरल्याच्याच खेपेतला गर्भ. दोघं एकाच दिवशी तयार झाले आणि तीन वर्षांच्या अंतराने जन्मले. सासूबाईंनी गंभीरपणे विचारलं, "मग हा त्याचा जुळा का धाकटा? आणि शाळेत वय कुठलं लावायचं?"

---

तिखटमीठ | १ ऑगस्ट, सकाळी ९:५२

मतदार यादीत लवकर नाव लागेल, बघा.

---

पेट्रीडिश | १ ऑगस्ट, सकाळी १०:१५

:) जन्मतारीख ती जन्मतारीख. बाकी २०२१च्या आयव्हीएफविषयक कायद्याप्रमाणे गर्भ दहा वर्षांपर्यंतच साठवता येतो, तेव्हा धाकटा फार मागेही पडणार नाही.

---

सुईणबाई | १ ऑगस्ट, दुपारी २:४०

चाफे, घरी सांगायचं की नाही हा तुमचा प्रश्न. पण सोनोलॉजिस्टला आणि बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांना सांगणं अत्यावश्यक. पुढच्या वेळी नवऱ्याला आधी फोन करायला सांग किंवा तपासणीच्या खोलीत एकटी जा आणि कागद दाखव. हे गुपित आम्हाला रोज सांभाळावं लागतं, सवय आहे.

अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जाडी बघणारी सोनोग्राफी) आणि डबल मार्कर ही रक्ततपासणी होईल, बाळात गुणसूत्रांचा दोष असण्याची जोखीम काढायला. वरची मर्यादा १३ आठवडे ६ दिवस. डबल मार्करमध्ये रक्तातली जी दोन द्रव्यं मोजतात त्यांचं प्रमाण दिवसागणिक बदलतं, म्हणून चुकीची तारीख दिली तर जोखमीचा आकडा चुकतो आणि उगाच पुढच्या तपासण्यांची धास्ती. फॉर्मवर आयव्हीएफचा रकाना असतो, तो भरायचाच. आणि वय लिहिताना गोम आहे. फ्रोझन असेल तर स्त्रीबीज काढलं तेव्हाचं तुझं वय धरतात, दात्या स्त्रीचं बीज असेल तर तिचं. ट्रान्सफरच्या दिवशीचं नाही.

---

ऑफिसकरीण | १ ऑगस्ट, संध्याकाळी ६:२०

नोकरी असेल तर आणखी एक. बाळंतपणाची २६ आठवड्यांची भरपगारी रजा, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे तारखेच्या आधी घेता येतात. १४ मार्च धरली तर १७ जानेवारीच्या आधी नाही. एचआरला एकदाच एक दाखला दे. माझ्या फाइलीत दोन दाखले दोन तारखांचे होते, पगार अडकला महिनाभर.

---

प्रभातफेरी | २ ऑगस्ट, सकाळी ६:१५

एवढं सगळं मोजून शेवटी काय, आयव्हीएफ म्हटलं की ३८व्या आठवड्यात सिझेरियन ठरलेलंच असतं. माझ्या वहिनीला पहिल्याच भेटीत सांगितलं, "प्रेशस बेबी आहे, रिस्क नको." मुहूर्तही भटजींकडून काढून घेतला. मग तारीख कसली नि काय.

---

सुईणबाई | २ ऑगस्ट, सकाळी ८:००

@प्रभातफेरी, हे होतं, नाकारत नाही. पण "प्रेशस" हे निदान नव्हे. माझ्याकडे येणारं प्रत्येक बाळ कुणाचं तरी प्रेशसच असतं. रक्तदाब, मधुमेह, वार खाली असणं, जुळं असणं ही कारणं आयव्हीएफमध्ये जास्त आढळतात आणि त्यासाठी लवकर करावं लागलं तर जरूर करावं. कारण नसताना ३९ आठवड्यांच्या आत बाळाला बाहेर काढलं तर श्वासाच्या तक्रारी वाढतात. चुकीच्या तारखेने ३८ म्हणून केलेलं सिझेरियन प्रत्यक्षात ३७ला होतं, ते तर आणखी वाईट.

---

प्रभातफेरी | २ ऑगस्ट, सकाळी ८:२५

पटलं. पण चार तासांवर एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) असलेल्या गावात बसून डॉक्टर सांगतात तेव्हा नाही म्हणायची हिंमत होत नाही हो.

---

सुईणबाई | २ ऑगस्ट, सकाळी ८:४०

तेही खरं. तिथे मी असते तर मीही कदाचित वेगळा विचार केला असता.

---

अण्णा_सांगलीकर | २ ऑगस्ट, सकाळी १०:००

मूळ प्रश्न सुटलेला दिसतो. आता डोहाळजेवणाचं बघा. सातवा "लागला" की करायचं की "भरला" की? आमच्याकडे यावरून दोन घरांत सहा वर्षं बोलणं बंद होतं.

---

तिखटमीठ | २ ऑगस्ट, सकाळी १०:०४

बाजारात तुरी! तरी पैज लावूया. मी १४ मार्च, धुळवड.

---

हळदपिवळी | २ ऑगस्ट, सकाळी १०:३०

दिलेल्या तारखेला शंभरातली चार-पाचच बाळं येतात म्हणे. मी १२ घेते.

---

चाफेकळी | ६ सप्टेंबर २०२४, रात्री १०:१०

धागा वर आणतेय. या वेळी नवऱ्याने सोनोलॉजिस्टना आधीच फोन करून ठेवला होता. एनटी झाला, सगळं नॉर्मल. सीआरएलवरून १३ आठवडे १ दिवस, आपल्या हिशेबाने १३ पूर्ण. मिलिमीटरांनी भरपाई केली! डॉक्टरांनी सासूबाईंसमोर एवढंच म्हटलं, "वाढ अगदी तारखेप्रमाणे." कुठल्या तारखेप्रमाणे ते बोलले नाहीत. भला माणूस.

---

चाफेकळी | १९ मार्च २०२५, दुपारी १:२०

मुलगी झाली! ५ मार्चला पहाटे. ४ तारखेला रात्री दोनला पाणी गेलं, मग दिवसभर कळा, नॉर्मल डिलिव्हरी. ३८ आठवडे ५ दिवस, वजन २ किलो ८००. तुमच्यापैकी कुणीच पैज जिंकलेलं नाही. सगळ्यात जवळ आलं ते ॲप.

सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. परवा तेल लावताना तिला म्हणत होत्या, "किती वाट बघायला लावलीस गं, किती थंडीत बसली होतीस." मी काही बोलले नाही, त्याही पुढे काही बोलल्या नाहीत.

---

तिखटमीठ | १९ मार्च, दुपारी १:२४

अभिनंदन!! ॲपचं काय, बोलाफुलाला गाठ. पेढे कुठे?

---

पेट्रीडिश | १९ मार्च, दुपारी ३:००

अभिनंदन. आम्हाला पाचव्या दिवसानंतर पुढचं काही कळत नाही, म्हणून अशा बातम्या फार आवडतात.

---

नवीआले | २० मार्च २०२५, सकाळी ११:०५

इथे विचारलं तर चालेल ना? ३ मार्चला फ्रेश ट्रान्सफर झालं, तीन दिवसांचे दोन गर्भ. १७ला बीटा पॉझिटिव्ह आली. वरचं सगळं वाचलं पण डोकं चालत नाहीये. माझी तारीख किती?

---

चाफेकळी | २० मार्च, सकाळी ११:३०

चालेल म्हणजे काय! तीन दिवसांचे, म्हणजे १७ वजा: कागदोपत्री पाळी १४ फेब्रुवारी. त्यात २८०, म्हणजे २१ नोव्हेंबर २०२५. दोन ठेवलेत, दोन्ही रुजले असतील तर मात्र इतके दिवस थांबत नाहीत, ते सोनोग्राफीत कळेल.

बीटा ४८ तासांनी परत सांगितलीय का? आणि सोनोग्राफीला कोण कोण सोबत असणार आहे?